निसर्गावरचं हँडमेड पुस्तक बनवताय? मग या चुका टाळा

फायनल सबमिशन जवळ आलं की बीएफएच्या, म्हणजे चित्रकलेच्या डिग्रीच्या, पोरापोरींचे तेच ते मेसेज सुरू होतात. कव्हर वाकलं, आतल्या पानावर पांढरी बुरशी आली, पुस्तक मिटेनाच, निळा प्रिंट उडाला, ज्युरी परवा आहे आता काय करू. वरवर बघितलं तर तक्रारी वेगवेगळ्या आहेत, पण मला तरी त्यांचं मूळ बहुतेक वेळा एकच दिसतं. निसर्ग गोळा करून आणला, आवडला म्हणून चिकटवला, आणि याचं पुस्तक कसं होणार हा विचार सगळ्यात शेवटी केला. आर्टिस्ट बुकमध्ये पुस्तक हीच कलाकृती असते, ती हातात घेऊन, पानं उलटून बघायची असते. त्यामुळं जे नीट उघडत नाही, मिटत नाही, हातात घ्यायची भीती वाटते ते दिसायला कितीही सुंदर असलं तरी पुस्तक म्हणून फसलेलं असतं.

ओलं पान चिकटवणं

ही एक नंबरची चूक. बागेतून पानं आणायची, दोन दिवस जाड डिक्शनरीत दाबायची आणि थेट फेविकॉल. वरून पान कोरडं लागतं पण देठात आणि मधल्या जाड शिरेत पाणी असतंच, ते हळूहळू कागदात उतरतं, आधी पिवळट डाग, मग बुरशी. उन्हाळ्यात केलेलं काम जुलैपर्यंत ठीक दिसतं आणि पाऊस लागला, हवा दमट झाली की आतून उमलून येतं.

पान वाळलंय का ते बोटांनी कळत नाही, गालाला लावून बघा. गार लागलं तर आत ओल आहे, अजून दाबून ठेवा. हर्बेरियमवाले, म्हणजे अभ्यासासाठी वनस्पती वाळवून जपणारे, पण असंच तपासतात. दाबताना डिक्शनरी नको, जुने पेपर घ्या आणि पहिले चार-पाच दिवस रोज पेपर बदला, कारण ओल शोषलेला पेपर तसाच ठेवला तर पान त्याच ओलीत पडून राहतं आणि काळं पडतं. कडुनिंब, चिंच, गवत लवकर वाळतं, वडाच्या पानाला वेळ लागतो. रुईच्या पानात चीक असतो, तो कागदाला लागतो, ते मी तरी वापरू नका असंच सांगेन, रुई पाहिजेच असेल तर तिचा ठसा घ्या.

पिंपळाचं जाळीदार पान करताना धुण्याचा सोडा घालून उकळणार असाल तर नंतर चार-पाच पाण्यातून धुवा. सोडा राहिला की आजूबाजूचा कागद पिवळा पडतो.

आता बुरशी आलीच असेल तर ओल्या फडक्यानं पुसायचं नाही, पसरते. पान सुटं करा, सावलीत हवेशीर वाळवा, मग तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, कोरड्या मऊ ब्रशनं झटका. डाग राहील, पण पसरणं थांबेल.

अजून एक आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे ज्वारीचं कणीस, तुरीच्या शेंगा, कापसाचं बोंड पुस्तकात लावणं. आयडिया चांगली असते, पण दाण्यात सोंडे असतात, बोंडात अळी असते, आणि ती डिस्प्लेच्या मध्येच बाहेर येते. असलं काही वापरायचं तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठ-पंधरा दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर वरती पाणी सुटतं. चिकटवायची खळ शिजवताना काही बाइंडर किडीसाठी मोरचूद टाकतात. ते विषारी आहे, हॉस्टेलच्या खोलीत, खायच्या भांड्यात तर अजिबातच नको, त्यापेक्षा खळ ताजी करा आणि दोन दिवसांत संपवा.

आणि गोळा कुठून करताय ते पण बघा. गौताळा अभयारण्य कन्नडजवळ आहे, पोरं ट्रिपला जातात, तिथून पिसं, घरटी, फांद्या आणायच्या नाहीत, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा होऊ शकतो. विहिरीवरच्या बाभळीला लटकलेली सुगरणीची घरटी सुद्धा तोडू नका. विहिरीच्या काठावर बसून त्यांची वीण कशी फिरत गेलीय याची दहा स्केचेस काढलीत तर पुस्तकाच्या शिवणीला त्यातूनच काहीतरी सापडेल, घरटं पुठ्ठ्यावर चिकटवून काय मिळणार?

पुस्तक मिटत नाही

हे सांगायला सगळ्यात जास्त वेळ लागतो कारण पोरं म्हणतात, सर वजन ठेवलं की मिटतं. नाही मिटत. प्रत्येक पानावर दोन-तीन मिलिमीटर जाडीचं काहीतरी चिकटवलं आणि मणक्यात, म्हणजे पानं शिवतो त्या कडेला, मात्र नुसत्या कागदाची जाडी आहे, तर पुस्तक पुढून फाकणारच, आणि जबरदस्ती मिटवलं की शिवण फाटणार. जुन्या फोटो अल्बमचा मणका बघा, तिथं पानांच्या मध्ये कागदाच्या पट्ट्या शिवलेल्या असतात. फोटोंची जाडी भरून काढायला. तुमच्या पुस्तकात पण तशाच पट्ट्या टाका, चिकटवलेल्या वस्तूच्या जाडीइतक्या. काम झालेलं असेल, वेळ नसेल, तर एकाआड एक पानावरच्या वस्तू काढा किंवा त्यांच्या जागी फ्रोटाज घ्या, म्हणजे झाडाच्या पानावर कागद ठेवून पेन्सिल घासून उठवलेला ठसा. पळसाच्या पानाच्या शिरा इतक्या ठळक असतात की घासल्यावर खरं पान लावायची गरजच वाटत नाही.

दुसरं कारण ग्रेन. मशीनच्या कागदाला ग्रेन असतो, तंतू एका दिशेनं झोपलेले असतात. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूनं सहज वाकतो, घडीची रेष त्याच दिशेत आणि मणक्याला समांतर ठेवायची. उलटं केलं तर घडी तडकते, पानं ताठ उभी राहतात, फेविकॉल लागला की लाटा येतात. पुठ्ठ्याला पण ग्रेन असतो आणि हे जवळजवळ कुणीच बघत नाही.

कव्हर वाकतं त्याचं कारण वेगळं. पुठ्ठ्याला बाहेरून कापड किंवा कागद लावला, तो ओला असताना फुगला, वाळताना आकसला आणि पुठ्ठ्याला आपल्याकडं ओढून घेतलं. आतून तसाच एक कागद चिकटवला की ओढ दोन्हीकडून सारखी होते. मग ब्लॉटिंग किंवा कोरे कागद मध्ये घालून रात्रभर वजनाखाली. फॅनखाली नाही, गच्चीवर उन्हात तर नाहीच. एप्रिल-मेमध्ये इकडं मराठवाड्यात पारा ४२ च्या वर गेला की फेविकॉल लावता लावता साय धरतो, पोरं मग अजून थापतात, जाड थर बसतो आणि कव्हर अजूनच वाकतं. मैद्याची पातळ खळ शिजवून, कापडातून गाळून फेविकॉलमध्ये अर्धी मिसळली तर वाळायला वेळ घेते, कागद सरकवून नीट बसवता येतो. मोठे कागद सकाळी लवकर चिकटवा, हा साधा उपाय पण लई कामाचा.

शिवताना कागद फाटतो

संभाजीनगरात शहागंजच्या बाजूला एक म्हातारे बाइंडर आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. एका पोरीनं त्यांना विचारलं, चाचा माझं भोक प्रत्येक वेळी का फाटतं? त्यांनी तिच्या हातातला दोरा घेतला, एकदा मणक्यापासून सरळ बाहेर ओढला, कागद चिरला, मग दुसऱ्या भोकातून मणक्याला लागून, जिकडं शिवण चाललीय तिकडं ओढला. काहीच फाटलं नाही. म्हणाले, "बेटा, दोरा ओढायचा नसतो, बसवायचा असतो." एवढंच. पुढच्या टेबलावरचा फॉर्मा, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांचा जुडगा, शिवायला घेतला.

भोकं दाभणानं पाडू नका, दाभण गोणीसाठी आहे. सुईच्याच जाडीचं भोक, घडीच्या आतून बाहेर, आणि सगळ्या फॉर्म्यांना एकाच पुठ्ठ्याच्या पट्टीवरच्या खुणांनी. लिनन दोरा मिळाला नाही तर गोधडीचा सुती दोरा घ्या आणि त्याला मधमाशीचं मेण ओढून लावा, गाठी सरकत नाहीत. दोरा फार जाड मात्र नको, फॉर्मे जास्त असले की दोऱ्याचीच जाडी साचून मणका फुगतो.

कागद आणि रंग

दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा हे हातकागदाचं गाव लागतं. तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, तिथला हातकागद त्या काळापासूनचा सांगितला जातो. कागद बघायला तरी एकदा जाच. पण हातकागद घेतला आणि थेट बोरूनं लिहायला बसलं तर शाई फुटते, कारण बऱ्याच हातकागदांना सायझिंग, म्हणजे शाई पसरू न देणारा खळीसारखा लेप, कमी असतं. तांदळाची एकदम पातळ खळ ब्रशनं मारून, वाळवून, मग लिहा. आधी कोपऱ्यावर ट्राय करा, कागदाची प्रत्येक लॉट वेगळी निघते. जाड हातकागदाची एका फॉर्म्यात दोन-तीनच पानं बसवा आणि घडी घालण्याआधी रेषेवरून चमच्याच्या पाठीनं खाच पाडून घ्या.

काळ्या मातीनं रंगवायचं वेड सध्या खूप आहे आणि मला ते मनापासून आवडतं. आपली माती आहे. पण काळी माती वाळली की आकसते आणि भेगा पडतात, शेतात पडतात तशाच कागदावर, आणि पान उलटलं की पोपडे. मलमलच्या कापडातून चाळून घ्या, बाभळीच्या डिंकात कालवा, दोन थेंब ग्लिसरीन, आणि एक जाड थर न देता तीन-चार पातळ. घडीची रेष रंगवायची नाही, कोरी सोडायची. अजिंठ्याच्या भिंतींवरच्या मातीच्या गिलाव्यात भुसा आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत, ते मातीला धरून ठेवतात. भेगाच दाखवायच्या असतील तर पानावर नको, पुठ्ठ्यावर करा, जो वाकणार नाही.

पळसफुलं, हळद, बीट, गोकर्ण यांचे रंग पहिल्या दिवशी सुंदर दिसतात आणि टिकत नाहीत. हळद तर उजेडात फार लवकर उडते. रंग टिकवायचाच असेल तर डाळिंबाची साल बरी, आणि उडणाराच रंग पाहिजे असेल तर तसं ठरवून करा, म्हणजे मग ती पुस्तकाची गोष्ट होते. गोकर्णाचा निळा लिंबानं जांभळा-गुलाबी होतो, त्यामुळं शेजारच्या पानावर आंबट काही असेल तर सांभाळा.

सायनोटाइप, म्हणजे रसायन लावलेला कागद उन्हात ठेवून पाण्यात धुवून काढलेला निळा प्रिंट, करणारे बरेच आहेत. जॉन हर्शेलनं ही पद्धत १८४२ मध्ये काढली आणि अॅना अॅटकिन्सनं १८४३ पासून शेवाळांचे निळे ठसे घेऊन पुस्तकं केली, म्हणजे पुस्तकाशी हिचं नातं पहिल्यापासूनचं. आपल्याकडं फसतं ते पाण्यात. बोअरचं पाणी जड, क्षाराचं, त्यात धुतलं की निळा फिका पडतो आणि मग पोरं उन्हाला दोष देतात. पहिल्या धुण्यात चिमूटभर सायट्रिक अॅसिड टाका, शक्य असेल तर शेवटचं पाणी आरओचं. ताजं पान काचेखाली उन्हात ठेवलं तर त्याची वाफ होऊन डाग पडतात, इथं पण वाळलेलंच पान. मेच्या दुपारी वेळ खूपच कमी लागतो, पट्टीवर टेस्ट घेतल्याशिवाय मोठा कागद उन्हात नेऊ नका.

सगळ्यांचं पुस्तक सारखंच का दिसतं

ही चूक दुरुस्त करायला सगळ्यात अवघड. व्हिडिओ बघून सगळे तीच जपानी शिवण, तोच क्राफ्ट कागद, कव्हरवर मधोमध तेच वाळलेलं फुल. नदीवर पुस्तक करायचंय तर ते चौकोनी वहीतच का पाहिजे? अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांची पासोडी आहे, लांबलचक कापडावर पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांचं तत्त्वज्ञान, लिहिलेलं, ती आपल्याच भागात आहे आणि आर्टिस्ट बुक करणाऱ्या किती पोरांनी बघितलीय? गोदावरीला घडीचं लांब पुस्तक शोभेल. पोथीसारखी सुटी पानं बासनात बांधून पण पुस्तक होतं, मग शिवणीचा प्रश्नच येत नाही.

जालन्याकडच्या एका विद्यार्थिनीनं २०१२-१३ च्या दुष्काळात वाळलेल्या मोसंबीच्या बागांवर पुस्तक केलं होतं. खरं पान एकही नाही. प्रत्येक पानावर झाडांच्या ओळी, आणि पुढच्या पानात काही झाडांच्या जागी कापलेली गोल भोकं. पान उलटत जावं तशी भोकं वाढतात आणि मागची, शेवटच्या पानाची कोरडी माती आरपार दिसायला लागते. मध्ये कुठंतरी हात थांबतो. कागद साधा, शिवण साधी, तीन भोकांची. सुरुवातीला तिच्याकडं पण फांद्या आणि साली होत्या, त्या तिनं टेबलावर समोर ठेवल्या, बघितल्या, पुस्तकात घेतल्या नाहीत.

डमी करा. झेरॉक्सच्या साध्या कागदाची, खऱ्या मापाची, सगळ्या घड्या-भोकांसकट. ती मित्राच्या हातात द्या, काही न सांगता, आणि तो कुठून उघडतो, कुठं अडकतो, कुठलं पान न बघता उलटतो ते शांतपणे बघा. चांगला कागद त्यानंतर कापायला घ्या.