जुन्या गॅस पंपाचा मूळ रंग शोधायचा कसा

जुना गॅस पंप, म्हणजे अमेरिकेतलं पेट्रोल भरायचं जुनं मशीन (तिथे पेट्रोलला गॅस म्हणतात), घरी आला की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, टेक्साको कंपनीच्या लालचा कोड काय, गल्फ कंपनीचा नारिंगी कुठला, आणि मग नेटवरचा एखादा चकाचक फोटो मोबाईलवर घेऊन माणूस थेट पेंटच्या दुकानात जातो. तसं करू नका, मनापासून सांगतोय. तो फोटो बहुतेक वेळा कोणीतरी आधीच रंगवलेल्या पंपाचा असतो, म्हणजे त्याच्या अंदाजावर तुमचा अंदाज, आणि वर मोबाईलच्या स्क्रीनने रंग बदलला तो वेगळाच. तुमच्या पंपाचा खरा रंग तुमच्याच पंपावर कुठेतरी लपलेला असतो, आधी तो शोधायचा.

मी अमेरिकेत कॅन्सस सिटीत राहतो. दोन वर्षांपूर्वी एका शेतातल्या कोठारातून टोकहाइम कंपनीचा ३९ नंबरचा मॉडेल घेतला, फोर्ट वेन इंडियानाचा, महायुद्धानंतरच्या काळातला बुटका पंप. वरून पांढरा ऑइल पेंट ब्रशने फासलेला, खाली गंजाचे ओघळ. त्याआधीचा एक पंप मी घाईत सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्याने साफ करायला, दिला होता, परत आला तेव्हा पत्रा एकदम स्वच्छ, पण रंगाचा एक कणही शिल्लक नव्हता. सगळा पुरावा गेला, तो पंप कुठल्या कंपनीचा होता हे आजही सांगता येत नाही आणि ते मला फार लागलं. म्हणून ब्लास्टिंग सगळ्यात शेवटी.

रंगाला हात लावायच्या आधी दोन कामं. एक, मीटरमध्ये आणि होजमध्ये जुनं गॅस साचलेलं असू शकतं, ते उघड्यावर काढून टाका, पंप दारं उघडी ठेवून वाऱ्याला राहू द्या, तोवर ग्राइंडर हीटगन काही नको. दुसरं, त्या काळच्या रंगात शिसं असतंच असं धरून चला (घरगुती रंगातलं शिसं अमेरिकेत १९७८ साली बंद झालं), त्यामुळे कोरडं घासायचं नाही, पाणी मारून वॉटर पेपर, तोंडाला चांगला फिल्टरवाला मास्क, मुलं लांब.

आता शोधायचं कुठे? जिथे ऊन आणि ब्रश दोन्ही पोचले नाहीत तिथे. स्टीलच्या पट्ट्या काढा, कंपनीची नंबराची पाटी रिव्हेट काढून अलगद उचला, काचेच्या रबराखाली बघा, दाराची आतली दुमडलेली कड, बिजागऱ्यांच्या मागे. माझ्या पंपाला बाजूची पट्टी काढली तर खाली बोटभर रुंद शेंदरी रेघ, इतकी ताजी की गावच्या मारुतीची आठवण झाली. मारुतीच्या शेंदराचं कवच निघतं ना, वर्षानुवर्षांचे थर एकावर एक, अगदी तसंच इथे आहे आणि आपल्याला तळाशी जायचंय.

मग बाहेरच्या सपाट भागावर एक ठिकाण निवडा जिथे रंग जाड आहे. ४०० नंबरचा वॉटर पेपर, पाणी, आणि रुपयाएवढ्या जागेवर गोल गोल हलक्या हाताने, मध्ये खोल आणि कडेला उथळ, पत्रा दिसेपर्यंत, मग ८०० आणि १००० ने कडा मऊ करा. कांद्याची चकती कापल्यासारखी वर्तुळं दिसतात, सगळ्यात आतलं वर्तुळ सगळ्यात जुनं. माझ्याकडे बाहेरून आत असं निघालं: पांढरा, लाल, पातळ करडा, शेंदरी, आणि पत्र्याला चिकटलेलं तपकिरी लाल अस्तर. इथे बरेचजण चुकतात, ते शेवटचं अस्तर, म्हणजे प्रायमर, त्यालाच मूळ रंग समजतात आणि पंप विटकरी करून टाकतात! अस्तर मॅट असतं, त्याला चकाकी नसते, आणि त्याच्यावर मळ बसलेला नसतो. खरा बाहेरचा रंग असेल तर त्याच्या वरच्या बाजूला बारीक काळपट धुळीची रेघ दिसते किंवा तो वरून फिका आणि आत गडद असतो, कारण तो उन्हापावसात वर्षं काढून मग झाकला गेला. भिंग घेऊन बघा, दोन थरांच्या मध्ये मळ नसेल तर ते एकाच कामाचे दोन हात आहेत, दोन वेगळे रंग नाहीत.

एवढं झालं की इतिहास लावायचा. माझ्या पंपावर शेंदरीच्या वर लाल आहे, आणि हा क्रम फिलिप्स ६६ या पेट्रोल कंपनीशी जुळतो, तिने आपल्या ढालीच्या आकाराच्या चिन्हाचा रंग नारिंगी काळ्यावरून लाल पांढरा १९५९ साली केला. मग कोडं सुटलं की, खालचा शेंदरी १९५९ च्या आधीचा आणि वरचा लाल नंतरचा, दोन्ही खरे! तुम्हाला कुठलं साल उभं करायचंय ते तुम्ही ठरवा, पण एकदा ठरवलं की स्टिकर, ग्लोब (पंपाच्या डोक्यावरचा काचेचा दिवा), पाट्या सगळं त्याच काळाचं घ्या. मी शेंदरी घेतला, कारण पंप त्याच रंगात पहिल्यांदा उभा राहिला होता.

एक नियम लक्षात ठेवा, जुन्या पंपावर नंतरचा रंग चालतो, कारण खेडोपाडी काचेच्या नळकांड्यावाले हाताचे पंप पुढे बरीच वर्षं वापरात होते आणि मालक बदलला की रंग बदलायचा, उलटं मात्र चालत नाही. टेक्साकोचं फायर चीफ नावाचं पेट्रोल १९३२ चं, म्हणून त्याची पाटी १९२० च्या दशकातल्या पंपावर बसू शकते, पण १९५० च्या दशकातल्या पंपावर १९२० च्या दशकातली पाटी म्हणजे चूक. सनोको कंपनीचं निळं पेट्रोल १९२७ चं, काचेतून ते निळं दिसायचं, त्यामुळे अशा पंपाला काचेतल्या रंगाचाही विचार करावा लागतो. भारतात कोणाकडे बर्मा शेलचा पंप असेल तर पद्धत हीच, १९७६ ला कंपनी सरकारने घेतली आणि पुढे ती भारत पेट्रोलियम झाली, म्हणून वर पिवळा निळा असला तरी खाली शेलचा पिवळा लाल मिळायची शक्यता आहे, घासून बघा.

आता मॅचिंग. उघडा पडलेला जुना रंग तसाच पेंटच्या दुकानातल्या रंग ओळखणाऱ्या मशीनखाली धरू नका, लालवर पांढुरकी पावडर येते, खडूसारखी, आणि पांढरा तर बंद जागेत राहिला की पिवळट होतो. आधी पॉलिशने तो थर काढा, रंग खुलला की मग दुकानात न्या, मशीनला निदान नाण्याएवढी सपाट जागा लागते. माझ्याकडे एका दुकानाने तसाच खडूवाला तुकडा स्कॅन केला, रंग आला जर्दाळूसारखा, अर्धा गॅलन वाया गेला, तेव्हापासून पॉलिश केल्याशिवाय मी तुकडा देत नाही. त्याच कंपनीची त्याच काळातली चिनी मातीच्या मुलाम्याची मूळ पाटी मिळाली तर तीही शेजारी ठेवा, भट्टीत भाजलेला तो रंग विटत नाही. फक्त नवीन नकली पाट्या खूप येतात, मागची बाजू आणि भोकांच्या कडा नीट बघून घ्या.

मशीनचा कोड आला तरी लगेच पंप रंगवू नका. पत्र्याच्या तुकड्यावर दोन हात मारा, वाळू द्या, आणि सकाळी उन्हात, दुपारी सावलीत, रात्री गॅरेजच्या ट्यूबखाली मूळ रंगाच्या शेजारी धरा. उन्हात जुळतो आणि ट्यूबखाली वेगळा दिसतो असं नारिंगी लालमध्ये मी फार बघितलंय. मला तीन तुकडे करावे लागले, तिसऱ्यात जरासा पिवळा वाढवला तेव्हा दोन्ही उजेडात बसला.

चकाकीकडेही बघा. त्या काळचा एनॅमल म्हणजे एकाच थरात रंग आणि चमक, वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक चमकीचा थर, नसायचा. क्लिअर मारला की पंप कँडीसारखा ओला दिसतो, रंग बरोबर असूनही डोळ्याला खोटा वाटतो. सिंगल स्टेज, म्हणजे असाच एका थराचा रंग, घ्या, मेटॅलिक अजिबात नको. युरेथेन प्रकारचा रंग वापरणार असाल तर त्यातलं हार्डनर फुफ्फुसाला वाईट आहे, साध्या मास्कने भागत नाही, सोय नसेल तर फवारणी बॉडी शॉपकडून करून घ्या.

आणि दाराच्या आतल्या बाजूला हाताच्या पंजाएवढा जुना रंग तसाच सोडा, वर फक्त मेण. शेजारी मार्करने रंगाचा कोड, तारीख आणि थरांचा क्रम लिहून ठेवा, माझ्या दारावर लिहिलंय: पांढरा, लाल, करडा, शेंदरी, अस्तर.