पहिल्या वाढदिवसासाठी घरच्या कपड्यांची गोधडी

बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला खेळण्यांचा ढीग जमतो आणि त्यातली बरीचशी वर्षभरात मोडतात. गोधडी मात्र मूल शाळेत जायला लागलं तरी अंगावर असते. तिच्यात घरातल्या प्रत्येकाचं कापड असेल, तर तशी दुसरी कुठेच मिळणार नाही. मशीन नको, फक्त सरळ धावदोरा घालता यायला हवा. रोज थोडं थोडं शिवायचं असल्याने दीड-दोन महिने आधी सुरुवात करा.

कपडे गोळा करण्यात घाई करू नका, कारण खरी भेट तिथेच घडते. आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर, आईची साडी, बाबांचा शर्ट, आत्याची ओढणी, काकाचा झब्बा असं काहीही चालेल, पण ज्याचं त्याला विचारूनच घ्या. कपाटात तळाशी असलेली साडी टाकाऊच असते असं नाही. विचारलं की ती कधी घेतली, कोणी दिली, हेही कळतं. ते लिहून ठेवा, शेवटी लागणार आहे.

कापड सुतीच हवं. सिंथेटिक साडी टाक्याखाली सरकते आणि घाम टिपत नाही. पैठणीला कात्री लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि जरीचे काठ बाळाच्या गालाला टोचतातही. सगळे कपडे धुऊन वाळवा. गडद रंगाचं कापड वेगळं भिजवा. रंग जातच राहिला तर बाजूला काढा. मग प्रत्येक कापड उजेडासमोर धरा. विरलेला भाग वरच्या थरात घेऊ नका, चार धुण्यांत फाटेल.

आता मापं. पुठ्ठ्याचा ९ इंचांचा चौकोन कापा आणि त्यावरून २० तुकडे बेता. अर्धा इंच माया (शिवणीसाठी प्रत्येक कडेला सोडलेलं कापड) धरून आडवे ४ आणि उभे ५ असे जोडले की ३३ बाय ४१ इंचांचा वरचा थर तयार होतो. जोडण्याआधी तुकडे जमिनीवर मांडून पाहा. एकाच माणसाचे दोन तुकडे शेजारी येऊ देऊ नका. जोडल्यावर उलट बाजूने इस्त्री करून माया बसवा. आतले दोन थर त्याच मापाचे आणि खालचं अस्तर ३६ बाय ४४ इंचांचं घ्या. नेहमीच्या साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४५ इंच असतो, त्यामुळे हे तिन्ही थर एका साडीच्या निम्म्या लांबीत बसतात.

जमिनीवर अस्तर उलटं पसरा, त्यावर मधोमध आतले थर आणि सर्वांत वर तुकड्यांचा थर सुलट ठेवा. तळहाताने मधून कडेकडे सुरकुत्या काढत जा. मग मोठमोठे कच्चे टाके घाला, तेही मधून बाहेर. हे टाचण कंटाळवाणं आहे, पण टाळलंत तर गोधडीला चुण्या पडतात आणि पुढे त्या निघत नाहीत. अस्तराची चारही बाजूंनी उरलेली दीड इंच कड अर्धा इंच आत मुडपून वर वळवा आणि शिवून घ्या.

यानंतर जाड सुती दोरा आणि लांब सुई घेऊन कडेपासून आत चौकोनी फेरे घेत धावदोरा घाला. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन फेऱ्यांत बोटभर अंतर. सुई अस्तरापर्यंत पोचते ना, ते अधूनमधून उलटून बघा. गाठी थरांच्या आत दडवा. टाके थोडे वाकडे आले तर उसवू नका. काही फेरे आजी, मावशी, मोठी ताई यांनाही घालू द्या.

शेवटी एका कोपऱ्यात साखळी टाक्याने बाळाचं नाव आणि जन्मतारीख भरा. मणी, टिकल्या, बटणं नकोत, सुटली तर सरळ तोंडात जातात. कच्चे टाके उसवा. टाचण्या वापरल्या असतील तर मोजून परत डबीत ठेवा आणि पूर्ण गोधडीवरून हात फिरवून खात्री करा.

सोबत द्यायला एका जाड कागदावर २० चौकोन आखा. प्रत्येकात ते कापड कोणाचं, कुठल्या प्रसंगाचं, हे दोन ओळींत लिहा. शक्य असेल तर ज्याचं त्याने स्वतःच्या अक्षरात लिहावं. मागच्या बाजूला धुण्याची सूचना हवी: गार पाणी, सौम्य साबण, सावलीत वाळवणं.