सी फंक्शन भलताच आकडा देतंय? आधी इथं बघा

पैठणच्या जायकवाडी धरणाचा जिवंत साठा २१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर). दलघमीचे घनमीटर करून देणारं साधं फंक्शन लिहा: घेणार इंट (पूर्णांक), देणार इंट, आत दहा लाखानं गुणाकार. साठा ८६८ असताना, म्हणजे ४० टक्क्यांना, उत्तर बरोबर. २००० लाही बरोबर. २१७१ टाकलं की −२१२३९६७२९६. धरण काठोकाठ आणि आकडा शून्याखाली!

३२ बिटांच्या इंटमध्ये २१४७४८३६४७ च्या वर काही मावत नाही आणि आपल्याला हवे होते २१७१००००००. ओळखायची खूण सोपी आहे: आलेल्या उणे आकड्यात ४२९४९६७२९६ मिळवा. अपेक्षित उत्तर निघालं तर ओव्हरफ्लोच, म्हणजे आकडा डब्यात मावला नाही. मात्र दर वेळी असाच आकडा येईल, यावर विसंबू नका. चिन्हासह पूर्णांकाचा ओव्हरफ्लो झाला तर काय व्हावं हे सी भाषेनं ठरवूनच दिलेलं नाही, त्यामुळे कंपायलरचं ऑप्टिमायझेशन (प्रोग्राम वेगवान करण्याची सोय) चालू केल्यावर वेगळंच काही दिसू शकतं.

दुरुस्ती करताना बहुतेक जण फक्त उत्तराचं व्हेरिएबल लाँग लाँग (६४ बिटांचा पूर्णांक) करतात. तेवढ्यानं भागत नाही, कारण दोन इंटांचा गुणाकार इंटमध्येच होतो आणि आधीच बिघडलेलं उत्तर मोठ्या डब्यात पडतं. गुणाकाराआधी एका आकड्याला लाँग लाँगचा कास्ट लावा, म्हणजे त्याचा प्रकार बदलून घ्या. फंक्शनचा रिटर्न टाइप बदला, नाहीतर आत बरोबर आलेलं उत्तर दारातच कापलं जाईल. उत्तर घेणारं व्हेरिएबलही लाँग लाँग हवं, आणि प्रिंटएफमध्ये %डी काढून %एलएलडी. नुसतं लाँग वापराल तर लिनक्सच्या ६४ बिट मशीनवर चालेल, विंडोजवर ते ३२ बिटांचंच असतं.

टर्बो सी हा जुना कंपायलर वापरत असाल तर हीच अडचण फार लवकर येते. तिथं इंट १६ बिटांचा, कमाल ३२७६७. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव ४८९२ रुपये. १० क्विंटलचे ४८९२० व्हायला हवेत, तर पट्टीवर −१६६१६ येतात. इथं मिळवायचा आकडा ६५५३६.

आकडा उणे नाही, पण कुठून आला तेच कळत नाही, असं असेल तर रिटर्न राहिलाय का बघा. इफमध्ये रिटर्न लिहिलेला असतो आणि एल्सच्या वाटेवर विसरलेला. मग प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये (आकडे ठेवायच्या छोट्या जागेत) जे उरलं असेल तेच हाती येतं. शेवटी प्रिंटएफ असेल तर अनेकदा त्यानं छापलेल्या बाइटची संख्या मिळते, आणि ती इतकी साळसूद दिसते की शंकाही येत नाही.

हे डोळ्यांनी शोधत बसू नका. जीसीसी या कंपायलरला -वॉल द्या, राहिलेला रिटर्न तो दाखवतो. रिटर्न करताना लाँग लाँगचा इंट होत असेल तर ते -वॉलमध्ये येत नाही, त्यासाठी -डब्ल्यूकन्व्हर्जन वेगळं द्यावं लागतं. ओव्हरफ्लो पकडायला -एफसॅनिटाइझ=अनडिफाइन्ड लावून प्रोग्राम चालवा; कोणत्या ओळीवर कोणते आकडे गुणताना फुटलं ते छापून येतं. जीडीबी या डीबगरमध्ये (चुका शोधायच्या साधनात) फंक्शनच्या आत थांबून फिनिश म्हटलं की परत आलेली किंमत समोर येते. ती बरोबर असेल तर दोष घेणाऱ्याचा किंवा छापणाऱ्याचा.

६ एकरांत ४५ क्विंटल कापूस, एकरी उतारा ७? दोन्ही इंट असले की अपूर्णांक गळतो. भागाकाराआधी एकाला डबल करा, रिटर्न टाइपही डबल ठेवा.

मेनमधून परत दिलेल्या आकड्याची गोष्ट वेगळी. लिनक्सच्या टर्मिनलवर प्रोग्राम संपताच एको $? केल्यावर त्याचे फक्त शेवटचे ८ बिट दिसतात: −१ चे २५५, ३०० चे ४४. २५६ दिलेत तर ० होतो आणि शेल स्क्रिप्ट चुकलेलं काम फत्ते झालं असं समजून पुढे जाते. मेनमधून ० ते २५५ एवढंच द्या, मोजणीचं उत्तर प्रिंटएफनं छापा.