युद्धाची जुनी चित्रं पुरावा म्हणून वापरताना या चुका टाळा

इतिहासावरचे मराठी लेख छपाईला जाण्याआधी तपासायला माझ्याकडे येतात. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या युरोपवर हल्ली बरंच लिहिलं जातं: शंभर वर्षांचं युद्ध, प्लेग, इटलीतले भाडोत्री सेनापती. लिहिणारे मनापासून लिहितात आणि त्यांचं वाचनही चांगलं असतं. मात्र लेखासोबत चित्र लावायची वेळ आली की सगळी शिस्त सुटते. मजकुरातल्या प्रत्येक सनावळीला आधार शोधणारा माणूस चित्र मात्र इंटरनेटवर पहिलं दिसेल ते उचलतो, आणि त्यातूनच पुढे निष्कर्षही काढू लागतो.

प्रसंगाचं साल तेच चित्राचं साल धरणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त नुकसान करते.

इंग्रज आणि फ्रेंच यांच्यातली क्रेसीची लढाई 26 ऑगस्ट 1346 रोजी झाली. ‘क्रेसी’ शोधलं की एक देखणं रंगीत चित्र हमखास समोर येतं: एका बाजूला इंग्रजांचे लांब धनुष्यवाले तिरंदाज, दुसऱ्या बाजूला फ्रेंचांकडून लढणारे इटलीतल्या जेनोव्हाचे क्रॉसबोवाले (क्रॉसबो म्हणजे आडवं, यांत्रिक धनुष्य), मागे घोडेस्वार आणि निशाणं. हे चित्र फ्र्वासार या चौदाव्या शतकातल्या बखरकाराच्या बखरीच्या एका हस्तलिखितातलं आहे. लढाई झाली तेव्हा फ्र्वासार स्वतः जेमतेम नऊ-दहा वर्षांचा होता. हे हस्तलिखित तर त्याच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी, 1470च्या दशकात, आजच्या बेल्जियममधल्या ब्रुजमध्ये तयार झालं. म्हणजे लढाई आणि चित्र यांच्यात सव्वाशे वर्षांचं अंतर आहे. चित्रकाराने आपल्या अवतीभवती दिसणारी चिलखतं, शिरस्त्राणं आणि हत्यारं रंगवली. रविवर्म्याच्या चित्रातलं लुगडं बघून महाभारतकाळातला पोशाख ठरवण्याइतकंच हे चुकीचं आहे.

एका दिवाळी अंकासाठी क्रेसीवरचा लेख माझ्याकडे आला होता. लेखकाने या चित्रावर अख्खं प्रकरण उभं केलं होतं. क्रॉसबो चरकीने ताणायचा असल्यामुळे जेनोव्हावाले मागे पडले, इंग्रज तिरंदाजांच्या डोक्यावर पोलादी टोप होते म्हणून ते तग धरू शकले, अशी विधानं बेधडक केली होती आणि चित्राखाली ‘समकालीन चित्र’ असं लिहिलं होतं. मी समासात दोन्ही सालं लिहून दिली आणि हा भाग काढायला सांगितला. उत्तर आलं, ‘एवढं कोण बघतं?’ अंक छपाईला जायच्या बेतात होता. संपादकांनी चित्राखालचा ‘समकालीन’ हा शब्द तेवढा काढला, मजकूर तसाच गेला. पुढे एका वेगळ्याच लेखकाच्या लेखात तोच परिच्छेद माझ्यासमोर आला, आणि आधार म्हणून त्या दिवाळी अंकाचं नाव दिलेलं होतं. छापलेल्या चुकीचं असंच होतं. तिला आधाराची प्रतिष्ठा मिळते आणि मग ती उपटता येत नाही.

माझी सवय साधी आहे. कुठलंही चित्र हाती आलं की कागदावर दोन सालं शेजारी शेजारी लिहायची: प्रसंगाचं आणि चित्राचं. दोन्हींत एका पिढीहून जास्त अंतर असेल तर त्या चित्रावरून प्रसंगातल्या शस्त्रांबद्दल एक वाक्यही लिहायचं नाही, कारण या दोन शतकांत चिलखताची घडण पिढीगणिक बदलत होती. चित्राचं साल शोधायला फार कष्ट नाहीत. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका या संकेतस्थळावर अशी हस्तलिखितं पानापानाने बघता येतात. तेवढा वेळ द्यायची तयारी नसेल तर चित्र लावूच नये. लेख चित्रावाचून अडत नाही.

मग ब्रुजचं ते चित्र निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. ब्रुज तेव्हा बर्गंडीच्या ड्यूकच्या सत्तेखाली होतं, आणि हे चित्र 1470च्या दशकातल्या बर्गंडीच्या दरबाराचा अव्वल पुरावा आहे. हे हस्तलिखित करवून घेणारा लुई द ग्रुटहूज हा त्या दरबारातला बडा असामी. इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड 1470 मध्ये गादी सोडून पळाला तेव्हा याच ग्रुटहूजने त्याला आसरा दिला आणि गादी परत मिळाल्यावर एडवर्डने त्याला अर्ल हा सरदारकीचा किताब दिला. अशा माणसाला इंग्रज-फ्रेंच लढायांचा ग्रंथ एवढ्या थाटात का हवा होता, हा खरा लेखाचा विषय आहे. तो अजून कुणी माझ्याकडे पाठवलेला नाही.

1346च्या आसपासचं चिलखत बघायचंच असेल तर थडग्यांकडे जा. क्रेसीला सोळा वर्षांचा असलेला राजपुत्र, ज्याला पुढे ब्लॅक प्रिन्स म्हणू लागले, तो 1376 मध्ये वारला. कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये त्याच्या थडग्यावर पूर्ण चिलखतातली धातूची आकृती आहे. तीही क्रेसीनंतर निदान तीस वर्षांनी घडवलेली आहे, पण ब्रुजच्या चित्रापेक्षा कितीतरी जवळची. आणि साध्या माणसाच्या अंगावर काय होतं ते कळायला व्हिस्बीची सामूहिक थडगी आहेत. 1361 मध्ये डेन्मार्कच्या राजाने बाल्टिक समुद्रातल्या गॉटलंड बेटावर स्वारी केली. व्हिस्बी शहराच्या तटाबाहेर तिथले शेतकरी लढले आणि कापले गेले. शहराने दारं उघडली नाहीत, नंतर शरणागती पत्करली. उन्हाळ्याचे दिवस होते, प्रेतं चिलखतांसकट घाईने पुरली गेली, त्यामुळे ती चिलखतं आज आपल्याला मिळाली. त्यांतली काही त्या काळच्या मानानेही जुनाट घडणीची आहेत. हाडांवर पायांच्या जखमा पुष्कळ आहेत, ढालीखालून बसलेल्या घावांच्या. पैसे मोजून काढलेल्या रंगीत चित्रांत ही माणसं क्वचितच दिसतात.

पैसे कुणी दिले ते न विचारणं

पाओलो उच्चेल्लो या इटालियन चित्रकाराची ‘सान रोमानोची लढाई’ ही तीन चित्रं आज लंडन, फ्लॉरेन्स आणि पॅरिस अशी विखुरलेली आहेत. लढाई फ्लॉरेन्स आणि सिएना या इटलीतल्या शहरांमध्ये 1 जून 1432 रोजी झाली. जुन्या पुस्तकांतून उचललेलं एक वाक्य अजूनही लेखांत येतं: मेदिची या फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या घराण्याने आपल्या विजयाची आठवण म्हणून ही चित्रं काढून घेतली. हे खरं नाही. ती लिओनार्दो बार्तोलिनी सालिंबेनी या फ्लॉरेन्समधल्या धनिकाच्या घरासाठी काढली गेली. लोरेन्झो दे मेदिचीला ती हवीशी वाटली. बार्तोलिनीच्या एका मुलाने आपला हिस्सा दिला, दामियानो नावाच्या मुलाने नकार दिला, तेव्हा लोरेन्झोने माणसं पाठवून ती घरातून उचलून नेली. मेदिची घराणं 1494 मध्ये शहराबाहेर हाकललं गेल्यावर दामियानोने 1495 मध्ये चित्रं परत मागितली. चित्रांचे वरचे कोपरे मूळचे नाहीत, नंतर जोडून त्यांना आयताकृती केलं आहे. अभ्यासकांनी ही कागदपत्रं पुढे आणून बराच काळ लोटला, तरी आपल्याकडे जुनंच वाक्य फिरतं.

ही चित्रं एका श्रीमंत घराच्या भिंतीसाठी होती, हे एकदा ध्यानात आलं की ती वेगळी दिसू लागतात. लंडनच्या चित्रात फ्लॉरेन्सचा सेनापती निक्कोलो दा तोलेंतिनो ऐन लढाईत शिरस्त्राणाऐवजी लाल-सोनेरी नक्षीचं भलं मोठं पागोटं घालून पांढऱ्या घोड्यावर बसला आहे. त्याचं शिरस्त्राण मागच्या पोराच्या हातात आहे. जमिनीवर मोडलेले भाले फरशीच्या रेषांसारखे सरळ मांडले आहेत, म्हणजे नजर आत खोल जावी. मागे गुलाबाची आणि संत्र्यांची झाडं आहेत. यावरून ‘पंधराव्या शतकात सेनापती शिरस्त्राण घालत नसत’ असं लिहू नका. तोलेंतिनो 1435 मध्ये मेला, चित्रं त्याच सुमारास किंवा त्यानंतर झाली. ओळखता यावा म्हणून त्याचा चेहरा उघडा ठेवला आहे. आणि सिएनावाले ही लढाई आपण जिंकली असंच मानत होते, हेही लेखात यायला हवं.

याच चित्रांबद्दल आणखी एक: चिलखतं काळपट दिसतात म्हणून ‘काळी चिलखतं’ असं लिहिलं जातं. तिथे चांदीचा वर्ख होता, तो काळवंडला. घोड्यांच्या साजावरचा सोन्याचा वर्ख अजून चमकतो. उच्चेल्लोच्या वेळी दिव्याच्या उजेडात ती सगळी भिंत झळाळत असणार.

बाकीच्या चुका

चिलखतात माणसाला हलता येत नसे, घोड्यावर चढवायला यारी लागे, हे साफ खोटं आहे. लढाईचं पूर्ण चिलखत साधारण 20 ते 25 किलोचं असे आणि त्याचं वजन अंगभर वाटलेलं असे. मार्शल बूसिको हा फ्रेंच सेनापती चिलखत घालून कोलांटी मारत असे, असं त्याच्या हयातीत लिहिलेलं चरित्र सांगतं. स्पर्धेतल्या भाल्यांच्या झुंजीचं चिलखत वेगळं आणि जास्त जड असे. दोन्हींची गल्लत करू नका.

इटलीतले भाडोत्री सैनिक लुटुपुटीचं लढत, हे फ्लॉरेन्सचा राजकीय लेखक मॅकियाव्हेली याच्यावरून घेतलं जातं. 1440 च्या आंगियारीच्या लढाईत एकच माणूस मेला आणि तोही घोड्यावरून पडून, असं त्याने लिहिलं. त्याला शहराची स्वतःची फौज हवी होती आणि त्या लढाईनंतर 29 वर्षांनी त्याचा जन्म झाला. त्या काळच्या इतर नोंदींत मृतांचा आकडा बराच मोठा आहे.

तोफ आली आणि किल्ले संपले, असं एका वाक्यात लिहू नका. सुरुवातीच्या तोफा चालवणाऱ्यालाही धोक्याच्या होत्या. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स 1460 मध्ये रॉक्सबर्गच्या वेढ्यात स्वतःचीच तोफ फुटून मेला.

शूरवीरांच्या गोष्टीत व्यापाऱ्याला विसरू नका. इटलीतल्या प्रातोचा फ्रान्चेस्को दातिनी फ्रान्समधल्या अविन्योंमध्ये चिलखतांच्या व्यापारावर मोठा झाला. त्याची सुमारे दीड लाख पत्रं टिकून आहेत. युद्ध समजून घ्यायला ती रंगीत चित्रांइतकीच मोलाची आहेत.

शेवटी चित्राखालची ओळ. ‘क्रेसीची लढाई’ एवढंच लिहिलेलं मी परत पाठवतो. मला हवी ती ओळ अशी: ‘क्रेसीची लढाई (1346). फ्र्वासारच्या बखरीचं हस्तलिखित, ब्रुज, 1470चं दशक, लुई द ग्रुटहूजसाठी. सध्या फ्रान्सचं राष्ट्रीय ग्रंथालय, पॅरिस.’ जागा कमी पडत असेल तर चित्र लहान करा, ओळ नको.