आयर्लंडमध्ये हौशी नाटक करायचंय? सुरुवात ब्लॅक कॉमेडीपासून केली तरी चालेल

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी आयर्लंडला येणाऱ्या मराठी मुलामुलींपैकी अनेकांनी कॉलेजात एकांकिका गाजवलेल्या असतात. इथे आलं की ते सगळं सुटलं, असं ते धरूनच चालतात. ते खरं नाही. हौशी नाटक इथे गावोगाव जिवंत आहे. नर्स, शेतकरी, शिक्षक, दुकानदार दिवसभराची कामं उरकून रात्री गावातल्या हॉलमध्ये तालमीला जमतात. अशाच एका ग्रुपबरोबर मी मार्टिन मॅकडोनाचं ‘द ब्यूटी क्वीन ऑफ लीनॅन’ केलं. नव्याने येणाऱ्यांना उपयोगी पडेल ते इथे सांगतो.

आधी नाटकाविषयी. गॉलवे शहराच्या ड्रुइड नाट्यकंपनीने 1996 मध्ये ते पहिल्यांदा रंगमंचावर आणलं. 1998 मध्ये ब्रॉडवेवरच्या प्रयोगाला चार टोनी पुरस्कार मिळाले. त्याच्या दिग्दर्शिका गॅरी हाइन्स नाटकाच्या दिग्दर्शनासाठी टोनी मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. पश्चिम आयर्लंडमधल्या कॉनेमाराच्या डोंगराळ भागात एक घर, त्यात सत्तरीची मॅग आणि तिची चाळिशीची अविवाहित मुलगी मॉरीन. दोघी एकमेकींना सोलून काढतात. पात्रं चारच आणि सगळं घडतं ते एका स्वयंपाकघरात. त्यामुळे छोट्या ग्रुपला हे नाटक झेपतं, पण एकाही नटाला लपायला जागा मिळत नाही.

हसता हसता हिंसेपाशी नेऊन सोडणं, म्हणजेच ब्लॅक कॉमेडी, ही आयरिश रंगभूमीची जुनी खोड आहे. जॉन मिलिंग्टन सिंगच्या ‘प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’मध्ये बापाला मारल्याची फुशारकी मारणारा पोरगा गावाचा हिरो होतो. 1907 मध्ये डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरमध्ये त्यावरून प्रेक्षकांनी दंगा केला होता. हे वाचून तालमीला गेलात तर दिग्दर्शक काय मागतोय ते लवकर उमगतं.

माझं ठाम मत आहे की ब्लॅक कॉमेडीत लाफ्टर मागायचा नाही. मॅगला आपण विनोदी आहोत हे माहीतच नसतं. तिला कॉम्प्लॅन हवंय, त्यात गुठळ्या नकोत आणि मुलीने घर सोडून जाऊ नये, एवढंच तिचं जग. नटीने तिची भीती खरी केली की हशा आपसूक येतो, आणि तीच भीती पुढे अंगावर काटा आणते. विनोद खुलवायला म्हणून जरा सुटलात की दुसऱ्या अंकातली क्रूरता खोटी वाटते.

पत्राचा प्रवेश घ्या. मॉरीनवर जीव जडलेल्या, परदेशी निघालेल्या पॅटोने तिला पत्र लिहिलंय आणि रे नावाचा त्याचा धाकटा भाऊ ते घेऊन आलाय. पत्र मॉरीनच्याच हातात द्यायचं, अशी त्याला ताकीद आहे. मॉरीन घरी नाही. रे कंटाळतो, टीव्हीवर कुरकुरतो, चुलीपाशी ठेवलेला, निखारे ढोसायचा लोखंडी पोकर विकत मागतो. समोर खुर्चीत म्हातारी शांत बसलेली. प्रेक्षक रेच्या उतावळेपणावर हसतात, डोळे मात्र त्या पाकिटावरून हलत नाहीत. आमच्या दिग्दर्शिकेने रेचं काम करणाऱ्याला सांगितलं होतं, ‘तुला खरोखर घरी जायचंय, बाकी काही करू नकोस.’ मॅगला सूचना होती की पाकिटाकडे एकदाही बघायचं नाही. अखेर तो कंटाळून पत्र ठेवून जातो. ती उठते आणि हॉलमधला आवाज एकदम बसतो. तो क्षण मी रोज विंगेतून बघायचो आणि रोज पोटात गोळा यायचा.

विंगेत होतो, कारण माझ्याकडे प्रॉपर्टी, म्हणजे स्टेजवर लागणाऱ्या वस्तूंचं काम होतं. नवख्याने याच कामाने सुरुवात करावी. कॉनेमाराचा हेल हा इथल्या डब्लिनकर नटांनाही सहज जमत नाही. मालवणीचा हेल पुणेकराला तालमीत बसवावा लागतो, तसंच हे. तो कानात मुरेपर्यंत बॅकस्टेजला राहिलात तर संवादांची लय आपोआप उचलता येते. आणि प्रॉपर्टी म्हणजे दुय्यम काम, असं या नाटकात तरी मुळीच नाही. कॉम्प्लॅन स्टेजवर खरंच प्यायचं असतं. चमचा कपात फिरल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे, म्हणून जाड चिनी मातीचा मग शोधावा लागला. पत्र चुलीत जाळायचं, पण हॉलमध्ये खरी आग नको. म्हणून लोखंडी चुलीच्या आत लुकलुकणारा नारिंगी दिवा बसवला. पत्राची ताजी प्रत प्रत्येक प्रयोगाला तयार हवी. मॉरीन आईच्या हातावर गरम तेल ओतते त्या प्रसंगासाठी भांडं थंडच असतं, धग दाखवायची ती नटीच्या हाताने.

स्पर्धांचं गणित समजून घ्या. वसंतात देशभर नाट्यमहोत्सव होतात, ग्रुप गावोगाव फिरून प्रयोग करतात आणि गुण मिळवतात. खुल्या गटातले सर्वोत्तम नऊ ग्रुप अ‍ॅथलोन शहरातल्या अंतिम फेरीला जातात. ही परंपरा 1953 पासूनची. मर्यादित गटाची अंतिम फेरी वेगळी होते. प्रवासाचा दिवस दमवणारा असतो. सकाळी अनोळखी हॉलमध्ये सेट उभा करायचा, दुपारी लाईट लावून घ्यायचे, रात्री प्रयोग आणि मग त्याच रात्री सगळं उतरवून व्हॅनमध्ये भरायचं.

राज्य नाट्य स्पर्धेतून आलेल्यांना इथली एक गोष्ट हादरवते. परीक्षक पडदा पडल्यावर स्टेजवर येऊन, प्रेक्षकांसमोर, नाटकाची चिरफाड करतात. नेपथ्यापासून एखाद्या पॉजपर्यंत सगळं बोललं जातं. हे ऐकायला वही घेऊन बसा. आमच्या वेळी परीक्षकांनी मॉरीनच्या एका शांत उभं राहण्यावर बराच वेळ बोलून दिग्दर्शनाचा आख्खा पाठ दिला. तसं शिक्षण फी भरूनही मिळणं कठीण.

व्यवहाराचं थोडं. प्रयोगाचे हक्क आधी रीतसर घ्यावे लागतात आणि संहितेतले शब्द परवानगीशिवाय बदलता येत नाहीत, शिव्यासुद्धा. गावातल्या प्रेक्षकांना शिव्या आणि हिंसेची कल्पना पोस्टरवरच द्या. वर्गणी बेताची असते. बहुतेक ग्रुप उन्हाळा संपता संपता नाटक निवडतात, तेव्हा ऑगस्टमध्येच गावातल्या ग्रंथालयाचा सूचनाफलक आणि स्थानिक वर्तमानपत्र बघायला लागा. फोन केलात तर अभिनयाचा अनुभव सांगाच, पण सोबत सुतारकाम, शिवणकाम, लाईट, गाडी चालवणं यातलं काय येतं तेही सांगा. व्हॅन चालवू शकणाऱ्या माणसाला कुठलाच ग्रुप नाही म्हणत नाही.