गिगाबिटचा प्लॅन, स्पीड मात्र ९४: राऊटर बदलण्याआधी या चुका टाळा

"अरे, एक हजार एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय, पण स्पीड येतच नाही. कुठला राऊटर घेऊ?"

हा फोन मला महिन्यातून दोनदा तरी येतो. त्यातलं शेवटचं वाक्य ऐकलं की डोकं फिरतं. स्पीड का येत नाही हे कळायच्या आधीच खरेदी ठरलेली असते. आठ अँटेनांचा, उलट्या पडलेल्या कोळ्यासारखा राऊटर ऑनलाइन कार्टमध्ये जाऊन बसलेला असतो आणि माझ्याकडून फक्त "घे" एवढंच हवं असतं.

मी "घे" म्हणत नाही. आधी आकडा विचारतो. "खूप कमी येतो" हा आकडा नव्हे. ९४ येतो, ३८० येतो की ५५०, ते सांगा. (सगळे आकडे एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट. असे हजार म्हणजे एक गिगाबिट.) दोष कुठे आहे हे बहुतेक वेळा आकडाच सांगून टाकतो. आणि ९४० येत असेल तर दोष नाहीच. गिगाबिटच्या वायरवर स्पीड टेस्टमध्ये पूर्ण १००० कधीच दिसत नाहीत. डेटा छोट्या गठ्ठ्यांत जातो, त्यांना पॅकेट म्हणतात. एक पूर्ण भरलेलं पॅकेट वायरवर १५३८ बाइटांची जागा खातं, त्यात तुमचा खरा माल साधारण १४५० बाइट. बाकी सगळे पत्ते, शिक्के आणि दोन पॅकेटांमधली मोकळी जागा. तुमचं कनेक्शन पीपीपीओई लॉगिनचं, म्हणजे राऊटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकायचं असेल तर आणखी आठ बाइट गेले. तेव्हा ९३०-९४० म्हणजे पूर्ण गिगाबिट. उरलेल्या साठसाठी केबलवाल्याशी भांडणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या पोराचा वेळ खाऊ नका.

९४ येतोय आणि तुम्ही राऊटर बदलताय

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहितो.

माझ्या मेहुण्याने ठाण्यात फ्लॅट घेतला. इंटिरियरवर भरपूर खर्च, सगळं वायरिंग भिंतीच्या आत. फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, दाराशेजारच्या चपलांच्या कपाटात. राऊटर आतल्या खोलीत, त्याच्या कामाच्या टेबलावर. मधे भिंतीतून गेलेली लॅनची वायर. स्पीड ९४. त्याने राऊटर बदलला, ९४. मग त्याहून महागडा घेतला, ९३.८. मग माझी आठवण झाली. "भाऊजी, तुम्ही एकदा येऊन बघाच."

माझ्या पिशवीत दोनच हत्यारं असतात. गिगाबिट पोर्ट असलेला एक जुना लॅपटॉप, आणि कंपनीतून तयार आलेली दोन मीटरची लॅन केबल. तिला मी हिरवी पट्टी चिकटवून ठेवली आहे, म्हणजे कोणी उसनी नेत नाही. रविवारी गेलो. राऊटरकडे बघितलंसुद्धा नाही, थेट चपलांच्या कपाटापुढे मांडी घातली. हिरव्या पट्टीची केबल ओएनटीला, दुसरं टोक लॅपटॉपला: ९३६. म्हणजे लाइन ठणठणीत. मग तोच लॅपटॉप आतल्या खोलीत नेऊन भिंतीतल्या सॉकेटला लावला: ९४. एवढ्यावर निकाल लागला. सासूबाईंचा चहा अजून यायचा होता.

सॉकेटची प्लेट उघडली. वायरीतल्या आठ तारांपैकी चारच जॅकमध्ये बसवलेल्या. निळी आणि तपकिरी जोडी बाजूला काढून, काळी टेप गुंडाळून इंटरकॉमला दिलेली. वायरमनला फोन लावला. "साहेब, इंटरनेटला चारच वायरी लागतात. वीस वर्षं हेच करतोय."

तो खोटं बोलत नव्हता. १०० एमबीपीएसला खरोखरच चार तारा पुरतात: १, २, ३ आणि ६ नंबरच्या. उरलेल्या चार मोकळ्याच असायच्या, म्हणून काटकसरी माणूस त्या इंटरकॉमला वापरायचा. गिगाबिटला मात्र चारही जोड्या, आठही तारा लागतात. एक जरी तुटली तरी दोन्ही टोकांची उपकरणं आपसांत बोलून बहुतेक वेळा गुपचूप १०० वर उतरतात. कुठे लाल दिवा लागत नाही, कसला संदेश येत नाही. १००० चे ९४० उरतात त्याच हिशेबाने १०० चे ९४ उरतात. म्हणून ९४ दिसला की वायर किंवा पोर्ट बघायचा, राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरायचं नाही.

इंटरकॉमला वेगळी वायर टाकली, आठही तारा जॅकमध्ये बसवल्या. तिसरा राऊटर घ्यावा लागला नाही.

९४ ची बाकीची कारणंही याच घराण्यातली. बऱ्याच स्वस्त ओएनटींना दोन लॅन पोर्ट असतात. त्यातला एकच गिगाबिट असतो, त्यावर 'जीई' लिहिलेलं. दुसरा 'एफई', म्हणजे शंभरचा. वायर चुकीच्या भोकात गेली की संपलं. तसंच खोक्यावर मोठ्या अक्षरात 'एसी १२००' छापलेल्या राऊटरचे मागचे पोर्ट कितीतरी वेळा शंभरचेच निघतात. तो १२०० म्हणजे वायफायच्या दोन बँडची, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन रेडिओ पट्ट्यांची बेरीज, ३०० अधिक ८६७, वर थोडी उदार गोळाबेरीज. कपाटाच्या मागे पडलेला दहा वर्षांपूर्वीचा नेटवर्क स्विच, म्हणजे एका लॅन वायरीच्या अनेक करणारा डबा, असेल तर तोही आठवून पाहा. विंडोजमध्ये इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये लिंक स्पीड, म्हणजे वायरीच्या दोन टोकांनी आपसांत ठरवलेला वेग, लिहिलेला असतो. तिथे १००/१०० दिसत असेल तर स्पीड टेस्ट करण्यात काही अर्थ नाही.

"टेस्टरवर आठही दिवे लागले की"

घरी क्रिंपिंग करणाऱ्यांना, म्हणजे केबलच्या टोकाला स्वतः प्लग बसवणाऱ्यांना, हात जोडून विनंती आहे. व्हिडिओ अर्धा बघून पक्कड हातात घेऊ नका. नवशिक्या माणसाचं तर्कशास्त्र असं: केशरी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी, अशा ओळीने लावू, दोन्ही टोकांना सारखंच आहे ना, मग झालं. केबल तपासायच्या टेस्टरवर एक ते आठ दिवे शिस्तीत लुकलुकतात. गडी खूश.

पण वायरीत जोड्या पीळ देऊन ठेवलेल्या असतात त्या उगाच नाही. त्या पिळामुळेच एका जोडीचा गोंगाट दुसरीत जात नाही. ३ आणि ६ नंबरची पिन एकाच जोडीतली असावी लागते, ४ आणि ५ दुसऱ्या एकाच जोडीतली. सरळ ओळीने लावलं की ३ वर हिरव्या जोडीची तार येते आणि ६ वर निळ्या जोडीची. दिव्यांच्या टेस्टरला हे कळत नाही. तो फक्त तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचली का एवढंच पाहतो. लिंक कधी गिगाबिटवर लागते, कधी शंभरवर, कधी दर दहा मिनिटांनी तुटते, आणि माणूस राऊटरला शिव्या घालत बसतो.

क्रम पाठच करा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आणि पीळ प्लगच्या अगदी जवळपर्यंत राहू द्या. बोटभर उलगडून ठेवायला ती वेणी नाही. मी स्वतः दोन-तीन मीटरच्या केबल कधीच घरी क्रिंप करत नाही, तयार आणतो. यात कसलाही कमीपणा नाही.

केबलच्या प्रतीला 'कॅट' आणि पुढे नंबर असतो. केबल घेताना कॅट ५ई चांगल्या तांब्याची असली की शंभर मीटरपर्यंत गिगाबिटला पुरते. 'कॅट ८' लिहिलेली चपटी, सोनेरी टोकांची केबल घेऊन तुमच्या लाइनला एक थेंबही जास्त मिळणार नाही. त्याऐवजी दुकानात तारेचं टोक ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरट दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. स्वस्त असतं, हलकं असतं आणि भिंतीत दोनदा वाकलं की तुटतं. भिंतीत तर ते कधीच घालू नका, कारण भिंत पुन्हा फोडायला तुम्हालाच लागणार आहे.

राऊटरमधली सगळी बटणं चालू करणं

ही चूक माझी स्वतःची.

माझ्याकडे गिगाबिट आलं तेव्हा वायरवर ३६० ते ३९० यायचे. ९४ नाही, म्हणजे वायर ठीक. मग दोष ऑपरेटरचाच, असं मी ठरवून टाकलं. तीन तक्रारी केल्या, तिसरीत जरा आवाजही चढवला. एक पोरगा आला. त्याने राऊटर बाजूला ठेवला, स्वतःचा लॅपटॉप थेट ओएनटीला लावला, आणि काही न बोलता स्क्रीन माझ्याकडे वळवली: ९३१. "काका, तुमच्या राऊटरमध्ये काहीतरी आहे." पुढे त्याला सरबत पाजलं, पण जी शोभा व्हायची ती झालीच.

झालं होतं असं. जुन्या ४० एमबीपीएसच्या लाइनवर मुलीच्या ऑनलाइन तासाला अडथळा येऊ नये म्हणून मी क्यूओएस, म्हणजे कोणत्या कामाला आधी वाट द्यायची हे ठरवणारी सेटिंग, चालू केलं होतं. शिवाय कोण किती डेटा वापरतं याचा आलेख बघायला मजा वाटायची, म्हणून तेही चालू. लाइन बदलली, सेटिंग तशीच राहिली.

घरगुती राऊटरचा प्रोसेसर तसा गरीबच असतो. गिगाबिटला सेकंदाला सुमारे ८१ हजार मोठी पॅकेटं येतात, आणि प्रत्येक पॅकेट हातात घेऊन तपासणं त्याला झेपत नाही. म्हणून चिपमध्ये एक आडवाट असते. कनेक्शनची पहिली काही पॅकेटं प्रोसेसर बघतो, वाट ठरवतो आणि मग पुढची सगळी परस्पर त्या आडवाटेने सोडतो. सेटिंगमध्ये तिला 'हार्डवेअर नॅट' किंवा 'नॅट ॲक्सिलरेशन' म्हणतात. तुम्ही क्यूओएस, डेटा मोजणी किंवा मुलांसाठीचं फिल्टर लावलं की बऱ्याच राऊटरांत ती आडवाट बंद होते, कारण आता प्रत्येक पॅकेट मोजायचं असतं. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो आणि स्पीड मधेच कुठेतरी अडकतो. पीपीपीओई असेल तर त्याचं ओझं आणखी.

मी दोन्ही बंद केलं. राऊटर सुरू होईपर्यंत उभा राहिलो. ९२८.

माझं मत सांगतो. गिगाबिटच्या लाइनवर चार माणसांच्या घरात क्यूओएसची गरज सहसा पडत नाही. तरी हवंच असेल तर मात्र जोमदार प्रोसेसरचा राऊटर घ्या. नवीन राऊटर घेण्याच्या, मला पटणाऱ्या मोजक्या कारणांपैकी हे एक. ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राऊटरमध्ये कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी घालायचं मोफत सॉफ्टवेअर, टाकणाऱ्यांनी फायरवॉलच्या पानावर 'सॉफ्टवेअर फ्लो ऑफलोडिंग'चा, म्हणजे अशाच आडवाटेचा, पर्याय बघावा. आणि खोकं उघडल्याच्या संध्याकाळी ते टाकायला बसू नये. कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे राऊटरमधलं मूळ सॉफ्टवेअर, आधी चार दिवस चालवून, त्याचे आकडे कागदावर लिहून ठेवा. तुलना कशाशी करणार नाहीतर?

फोनवरच्या टेस्टवरून भांडण

वायफायवर मोजलेला स्पीड हा तुमच्या फोनचा, भिंतींचा आणि शेजाऱ्यांच्या राऊटरांचा स्पीड असतो. लाइनचा नव्हे. वायफाय ५ च्या सर्वसाधारण फोनला ८६७ ची लिंक मिळते, त्यातले हातात ५००-६०० पडतात. वायफाय ६ ला तेवढ्याच रुंदीच्या चॅनलवर १२०१ ची लिंक आणि राऊटर समोर असेल तर सात-आठशे. २.४ गिगाहर्ट्झच्या संथ बँडवर फोन अडकला असेल तर शंभरही मोठी गोष्ट. आणि राऊटर चपलांच्या कपाटात, वर लोखंडी दार, मधे दोन आरसीसीच्या भिंती असतील तर कुठलीही अँटेना काही करणार नाही. तो बाहेर काढा. भिंतीतल्या सॉकेटात खोचायचे स्वस्त रिपीटर घेऊ नका. ते एकाच रेडिओवर ऐकतात आणि त्याच रेडिओवर बोलतात, त्यामुळे स्पीड निम्म्यावर येतो.

बाकीच्या चुकांना एकेक ओळ पुरे. लॅपटॉपला लॅन पोर्ट नाही म्हणून घेतलेला यूएसबी २ चा अडॅप्टर ३०० च्या आसपास दम टाकतो, यूएसबी ३ चा घ्या. टेस्ट करताना ऑफिसचं व्हीपीएन बंद ठेवा. ॲडॅप्टरच्या सेटिंगमध्ये कोणीतरी वेग '१०० फुल डुप्लेक्स' असा ठोकून ठेवला असेल तर तो ऑटोवर न्या. रात्री नऊच्या टेस्टवरून निष्कर्ष काढू नका. जीपॉनच्या, म्हणजे एक फायबर अनेक घरांत वाटायच्या पद्धतीच्या, एका फायबरवरचे सुमारे २.५ जीबीपीएस ३२ किंवा ६४ घरं वाटून घेतात आणि त्या वेळी सगळेच मॅच बघत असतात. सकाळी सहाला एकदा मोजा.

मेगाबिट (छोटा बी) आणि मेगाबाइट (मोठा बी, आठपट मोठा) यांच्यातला फरक तर मी आता सांगायचंच सोडलं होतं. पण वायर दुरुस्त केल्यानंतर आठवड्याभराने मेहुण्याचा फोन आला. गेम डाउनलोड करत होता. आवाज रडवेला. "भाऊजी, पुन्हा शंभरवर आलं बघा. ११२ दाखवतंय."

"पुढे काय लिहिलंय? मोठा बी की छोटा?"

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "मोठा."

"आठने गुण," म्हटलं, आणि फोन ठेवला.