द्विशिक्षकी शाळेत गणित शिकवताना या चुका टाळा

शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे 60 पर्यंत पट (विद्यार्थीसंख्या) असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे वाडीवस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते चौथीचं गणित दोघांनीच सांभाळायचं. यात सगळ्यात महागात पडणारी चूक वर्गात होत नाही, ती वार्षिक नियोजन लिहितानाच होते: प्रत्येक इयत्तेचं पुस्तक वेगळं धरून तासिकेची वाटणी करणं. मग तिसरीला शिकवताना चौथीची मुलं पाढे लिहीत बसतात, आणि चौथीकडे वळलं की तिसरीची. मुलं गुंतलेली दिसतात, पण शिकत नसतात.

त्याऐवजी जूनमध्येच सगळ्या इयत्तांच्या अनुक्रमणिका शेजारी शेजारी ठेवा आणि सारखे घटक एकाच आठवड्यात आणा. वजाबाकीच्या आठवड्यात पहिलीची मुलं बारा काड्यांतून पाच बाजूला काढतील, दुसरी दहा काड्यांचा गठ्ठा सुटा करून 52 − 27 करील, तिसरी 302 − 147 सोडवील आणि चौथी 500 च्या नोटेतून 247 रुपयांचा किराणा घेऊन किती उरले ते सांगेल. सुरुवातीची दहा मिनिटं सगळ्यांना मिळून शिकवता येतात. पुस्तकातला क्रम बदलला म्हणून काही बिघडत नाही. फक्त ज्या घटकाला आधीचा घटक लागतो, तो त्या आधीच्या घटकाच्या अगोदर घेऊ नका.

दुसरी चूक म्हणजे गट इयत्तेनुसारच पाडणं. चौथीतला मुलगा 52 − 27 चं उत्तर 35 लिहितो. आपण म्हणतो, हातचा विसरला. पण नीट पाहिलं तर त्याने सातातून दोन वजा केलेत. एकक-दशकाच्या प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचं, असा नियमच त्याने मनाशी धरलाय. फळ्यावर पुन्हा दहा उदाहरणं सोडवून तो जात नाही. त्याच्या हातात दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या द्या आणि सत्तावीस मागा. सात सुट्ट्या द्यायला त्याला एक गठ्ठा सोडावाच लागतो, आणि समोर पंचवीस उरतात. हे काम त्याने दुसरीच्या गटात बसून केलं तरी चालतं. मात्र त्याला वर्षभर तिथेच ठेवू नका. हाच मुलगा मापनात वर्गाच्या पुढे असू शकतो. घटक बदलला की गट बदला.

हुशार गटप्रमुखाला रोज शिकवायला बसवू नका. समजावून सांगताना तिचंही पक्कं होतं हे खरं, पण त्या नादात तिचं स्वतःचं चौथीचं गणित मागे पडतं. तिलाही अडेल असं उदाहरण तिच्या वाट्याला रोज यायला हवं.

"सर, झालं" म्हणत मुलं सारखी उठून येत असतील, तर स्वाध्याय तपासायची सोय मुलांकडेच द्या. वजाबाकीचा ताळा बेरजेने घेता येतो, भागाकाराचा गुणाकाराने. ताळा जुळला नाही तर आधी जोडीदाराला विचारायचं, मग शिक्षकाला.

शाळेत दोन खोल्या असतील तर शक्यतो पहिली-दुसरी एकत्र आणि तिसरी-चौथी एकत्र बसवा. पट समान करण्यासाठी पहिलीला चौथीसोबत बसवलं, तर सारखे घटक जुळवणं फार अवघड जातं. आणि एक शिक्षक प्रशिक्षणाला किंवा केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) बैठकीला गेला की चारही इयत्ता एकाच खोलीत येतात. त्या दिवसासाठी प्रत्येक घटकाची एक एकत्र कृती, तिच्या साहित्यासकट, कपाटात तयार असू द्या.